मोठा स्पीकर नको ताई, आधी दोन वायरी बदला

पत्र:

दादा, आम्ही दोघंही निवृत्त आहोत, सेलूला राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, हे एसटीत. मागच्या दिवाळीला मुलानं पुण्याहून कराओकेचं सामान आणून दिलं. दोन वायरलेस माइक, चार चॅनलचा छोटा मिक्सर आणि मिक्सरचा आवाज साउंडबारला पाठवायला एक ब्लूटूथची डबी. ट्रॅक मोबाइलवर लावतो, मोबाइलची वायर मिक्सरला जोडलेली असते. शब्द मी वहीत लिहून ठेवलेत. शनिवारी संध्याकाळी शेजारचे पाच-सहा जण येतात.

पण मजा येईना. मोबाइल नुसता साउंडबारला लावला तर ढोलक-तबला खणखणीत ऐकू येतो, मिक्सरमधून लावला की सगळं पोकळ, विहिरीतून आल्यासारखं. माइकची शिट्टी वाजायलीय. मध्येच घूंऽऽ असा आवाज धरतो. आणि मी म्हणायला लागले की माझाच आवाज मागून येतो. हे म्हणतात, तुझा ताल सुटायलाय. दादा, मी तीस वर्षं शाळेत पेटीवर प्रार्थना घेतली. आता शनिवारी मी माइक हातात घेत नाही, चहाचं बघते.

मुलगा म्हणतो, पंधरा इंची दोन स्पीकर पाठवतो, पंचवीस हजारांत काम होईल. घ्यावेत का? साउंडबारच्या मागं ‘ऑक्स’ लिहिलेलं भोक आहे, ते कशाचं? खोली बारा बाय सोळाची, खाली स्टाइलची फरशी, वर स्लॅब.

– एक वाचक, सेलू

उत्तर:

ताई, नमस्कार.

स्पीकरचं नंतर बघू. तुमच्या पत्रातली जी ओळ मला लागली तिच्यापासून सुरुवात करतो. तुमचा ताल सुटलेला नाही. तो त्या ब्लूटूथच्या डबीत अडकतोय. तुमचं मन राखायला म्हणत नाही, हिशोब मांडून दाखवतो.

ब्लूटूथ आवाज जसाच्या तसा पुढं ढकलत नाही. ती डबी आधी आवाज दाबून लहान करते, मग हवेतून पाठवते. साउंडबार तो गोळा करतो, उलगडतो आणि मग वाजवतो. साध्या ब्लूटूथमध्ये या सगळ्याला सेकंदाचा दहावा ते चौथा हिस्सा जातो. नुसतं गाणं ऐकणाऱ्याला हे कळतसुद्धा नाही, गाणाऱ्याची मात्र वाट लागते. ०.२ सेकंद धरा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ०.२ सेकंदात जवळजवळ ६९ मीटर. साउंडबार डोळ्यांना आठ फुटांवर दिसतोय, पण कानाच्या हिशोबानं तो पार गल्लीच्या तोंडाशी ठेवलाय. तुम्ही ट्रॅक ऐकून शब्द बरोबर समेवर टाकता. तो शब्द साउंडबारमधून बाहेर पडेपर्यंत ट्रॅक पुढं निघून गेलेला असतो. समोर बसलेल्यांना वाटतं, या मागं पडल्या. तुम्हालाही स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आल्यानं जीभ जड होते. हे कोणाचंही होतं, भलेभले गाणारे यात अडखळतात. दाजींचाही आवाज तितकाच उशिरा येतो. गळा मोकळा सोडून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आतून, हाडांमधून जास्त ऐकू येतो, त्यामुळं त्यांना ते जाणवत नसेल एवढंच.

म्हणून पहिलं काम, ती डबी काढून ठेवा. साउंडबारच्या मागचं ‘ऑक्स’चं भोक याच कामाचं आहे. मिक्सरच्या आउटपुटमधून तिथं सरळ वायर टाका. आवाजाचा उशीर तिथल्या तिथं संपेल. साउंडबारच्या रिमोटवर ‘सराउंड’ किंवा ‘मूव्ही’ असं काही चालू असेल तर तेही बंद करून साध्या किंवा म्युझिक मोडवर आणा, कारण त्या करामतींनाही थोडा वेळ लागतो.

इथं एक बारकावा ध्यानात ठेवा. ब्लूटूथ सगळीकडंच वाईट असतं असं नाही. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत ब्लूटूथ असलं तर गाणाऱ्याचं काही बिघडत नाही. ट्रॅक उशिरा सुरू होईल, पण तुम्ही तो ऐकूनच गाणार आणि तुमचे शब्द तर वहीत आहेत. माइकचा आवाज ट्रॅकमध्ये मिसळल्यानंतर पुढं ब्लूटूथ नको. तुमच्याकडं नेमकं उलटं झालंय. वायर होती तिथं चुकीची वायर लागली आणि वायर हवी तिथं ब्लूटूथ.

आता त्या चुकीच्या वायरीकडं येतो. ढोलक-तबला गायब होण्याचं कोडं तिच्यात आहे. तुम्ही लिहिलंत की मोबाइल थेट साउंडबारला लावला तर सगळं ऐकू येतं. ते लिहिलंत म्हणून मला इथं परभणीत बसून रोग ओळखता आला.

मोबाइलकडून मिक्सरकडं जाणारी वायर हातात घ्या. मोबाइलच्या बाजूला बारीक पिन आहे, तिला दुकानात ईपी म्हणतात. मिक्सरच्या बाजूला जाड पिन आहे, ती पी-३८. त्या जाड पिनेच्या दांड्यावरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ असेल तर पिन मोनो, म्हणजे एकाच आवाजाची; दोन असतील तर स्टिरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या दोन आवाजांची. माझी खात्री आहे की तुमच्या पिनेवर दोन रेघा आहेत आणि ती मिक्सरच्या माइकवाल्या चॅनलमध्ये खुपसलेली आहे.

मोबाइल त्या वायरीतून दोन आवाज पाठवतो, डावा आणि उजवा. मिक्सरच्या त्या भोकाला दोन आवाज अपेक्षितच नसतात. त्याला एकच आवाज दोन तारांवरून हवा असतो, एका तारेवर सुलटा आणि दुसऱ्या तारेवर उलटा. तो दोन्ही तारांमधला फरक काढतो आणि तेवढाच पुढं पाठवतो. माइकच्या लांब वायरीत शिरलेली घरघर निघून जावी म्हणून ही सोय केलेली असते आणि माइकला ती फार उपयोगी पडते. पण मोबाइलचा डावा-उजवा तिच्यात घातला की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हीकडं जे सारखं आहे ते शून्य होतं. आणि दोन्हीकडं सारखं काय असतं? ट्रॅकच्या मधोमध ठेवलेलं सगळं, म्हणजे ढोलक, तबल्याचा बायाँ, बास गिटार. उरतात कडेची व्हायोलिनं आणि घुमारा. तुम्ही ‘विहिरीतून आल्यासारखं’ लिहिलंत, याच्याहून नेमका शब्द मलाही सापडला नसता.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. पंचविशीत असताना जिंतूरकडच्या एका लग्नात मिक्सरवर बसलो होतो. सीडीवर ट्रॅक, वर गाणारा, खाली अख्खं गाव. ट्रॅक लावला तर ढोलकच नाही. मी सीडी बदलली, मग प्लेअर बदलला, घाम फुटला. मागून एक म्हातारे ऑपरेटर उठून आले. काही न बोलता त्यांनी ती जाड पिन दोन बोटांत धरून जराशी मागं ओढली, टक् असा एक खटका बसेपर्यंत. आणि मंडपात ढोलक उतरली. मग म्हणाले, “पोरा, पिन बसायली म्हंजे बरोबर बसायली असं नसतंय.”

हा प्रयोग तुम्हीही करून बघा. साउंडबार अगदी बारीक करा, ट्रॅक चालू ठेवा आणि जाड पिन हळूच एक खटका मागं घ्या. पोकळ आवाज एकदम भरला तर निदान पक्कं झालं. पण पिन तशी ठेवू नका, धक्का लागला की निघते आणि एकाच बाजूचा आवाज येतो. नीट उपाय सांगतो.

सेलूत किंवा इकडं परभणीत इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही बऱ्या दुकानात जा आणि म्हणा, “एका टोकाला ईपी स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन पी-३८ मोनो, अशा दोन वायरी द्या.” दोन्ही सारख्याच. पहिलीची ईपी मोबाइलला आणि दोन जाड पिना मिक्सरच्या तिसऱ्या-चौथ्या चॅनलला. तिथं डावा-उजवा अशी जोडीची भोकं असतात. दुसरीच्या दोन जाड पिना मिक्सरच्या मेन आउटला आणि ईपी साउंडबारच्या ऑक्सला. काहीशे रुपयांचं काम आहे. दुकानातला पोरगा “काकू, ही घ्या, हिनं पण चालतंय” म्हणून एकाच जाड पिनेची वायर पुढं करेल. घेऊ नका. मिक्सरचा फोटो काढून न्या आणि काळ्या रेघा तिथंच मोजून घ्या.

शिट्टीचं कारण तुम्ही उभं कुठं राहता यात आहे. साउंडबार टीव्हीखाली असणार, आणि तुम्ही पाहुण्यांकडं तोंड करायचं म्हणून टीव्हीकडं पाठ करून गाता. म्हणजे माइकचं तोंड तुमच्या खांद्यावरून थेट साउंडबारकडं. साउंडबारचा आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा साउंडबारमधून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. ती फेरी वाढत गेली की शिट्टी. गाण्याचे बहुतेक माइक समोरून चांगलं ऐकतात आणि शेपटीकडून फार कमी. तेव्हा शेपटी साउंडबारकडं यायला हवी, म्हणजेच तुमचं तोंड साउंडबारकडं.

मग पाहुण्यांना पाठ दाखवायची का? अजिबात नाही. आपल्याकडं भजनाला कसे उभे राहतात? दोन ओळी समोरासमोर, मधे मोकळी जागा. तशी बैठक करा. लोक दोन्ही भिंतींना टेकून, एका टोकाला साउंडबार, त्याच्यासमोर दुसऱ्या टोकाला गाणारा. सगळ्यांना गाणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि माइकची शेपटी साउंडबारकडं राहते.

माइक धरताना त्याची जाळी मुठीत घेऊ नका. दाजी तसं करत असतील तर त्यांना आवर्जून सांगा. जाळीच्या मागच्या बाजूच्या फटींमुळंच माइकला पुढचं-मागचं कळत असतं. त्या झाकल्या की तो चारी बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी ठरलेली. माइक ओठांपासून दोन बोटांवर असू द्या. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, मग तुम्ही बटण वाढवता आणि बटणाबरोबर खोलीतला सगळा कलकलाट आत येतो. वरच्या सुराला माइक थोडा लांब न्या, खालच्याला जवळ आणा. पेटीवर भाता कमी-जास्त करायची सवय असलेल्या हाताला हे दोन शनिवारांत जमेल.

बारा बाय सोळाची खोली, खाली स्टाइल, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत भिंती. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्रर्’ अशी बारीक शेपटी ऐकू आली तर आवाज समोरासमोरच्या भिंतींत ठेचकाळतोय असं समजा. तुमच्या प्रत्येक शब्दाला तीच शेपटी चिकटते. मी लहानपणी माळवदाच्या घरात वाढलो. लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, खाली सारवलेली जमीन. आजी जात्यावर ओवी म्हणायची तर शब्द न् शब्द मोकळा ऐकू यायचा. स्लॅबची घरं आली आणि हे सुख गेलं. पण बरंचसं परत आणता येतं. जमिनीवर सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा. आणि घरात वाकळा-गोधड्या असतीलच, त्यातल्या दोन जाड वाकळा साउंडबारच्या समोरच्या भिंतीवर दोरीला टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. मागं हवा राहिली की वाकळ जास्त आवाज पिते. अंड्याचे ट्रे लावायचा सल्ला कोणी दिला तर लावू नका. ते फक्त वरचा बारीक आवाज थोडा खातात, बाकी काही नाही, आणि धूळ धरतात. माणसं हीसुद्धा मोठी सोय आहे. शनिवारी सहा जण येऊन बसले की खोली आपोआप मऊ होते, म्हणून सगळी जुळवाजुळव रिकाम्या खोलीत न करता लोक बसल्यावर करा.

खोली ऐकल्यावर मिक्सरवरचं ‘इको’चं बटण बघा. ते कुठं आहे तुम्ही लिहिलं नाही, पण घरोघरी ते निम्म्याच्या पुढंच दिसतं. वेरूळला दहा नंबरच्या लेण्यात, ज्याला सुताराची झोपडी म्हणतात तिथं, कधी एखादा सूर लावून बघितलाय? दगडात कोरलेल्या त्या कमानी छताखाली एकच संथ सूर लावला तर तो वर फिरत राहतो आणि अंगावर काटा येतो. पण तिथंच भरभर बोला, शब्द एकमेकांत कालवले जातात. इकोचं तसंच आहे. संथ गाण्याला तो शोभतो, चालत्या गाण्याला चिखल करतो. बटण शून्यावर आणा, गाता गाता हळूहळू वाढवा, इको ऐकू आला रे आला की तिथून किंचित मागं घ्या. गाणाऱ्याला वाटलं पाहिजे की इको नाहीच, आणि बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटलं पाहिजे. बास-ट्रेबल सगळी बटणं मध्यावर ठेवा. माइकच्या चॅनलवर ‘लो कट’ असेल तर दाबून टाका, हाताची खुडबुड आणि फुंकरीचा फुस्स आवाज जाईल.

आवाजाची पातळी अशी लावा. मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा. तो बारीक ठेवून साउंडबार मोठा केला तर गाण्यापेक्षा सळसळच मोठी होते. मग सगळ्यात वरचा सूर लावून माइकचं गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते बटण, वाढवा, लाल दिवा लुकलुकला की थोडं खाली या. साउंडबार सगळ्यात शेवटी.

घूंऽऽ या आवाजाचा पहिला संशयित मोबाइलचा चार्जर. चार्जिंगला लावून ट्रॅक वाजवता का? चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर टीव्हीला जाणारी डिशची वायर काढून बघा. मिक्सर, साउंडबार, टीव्ही सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही राहिलं तर घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. त्यात अधूनमधून पाणी टाकत राहावं लागतं. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घरघर वाढत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असावा. त्याला साइन वेव्हच्या इन्व्हर्टरशिवाय इलाज नाही, लाइट येईपर्यंत पेटी काढा. एक मात्र हात जोडून सांगतो. घरघर जावी म्हणून कोणी तीन पिनी प्लगची वरची जाड पिन काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. घरघर जाईलही, पण ती पिन तुमचा जीव वाचवायला आहे, आणि माइक ओठांजवळ असतो.

आता मुलाचे पंचवीस हजार. पंधरा इंची स्पीकर मंडपाचं सामान आहे. बारा बाय सोळाच्या खोलीत तो एक चतुर्थांशसुद्धा उघडता येणार नाही, बासनं शोकेसच्या काचा थरथरतील आणि चुकीची वायर तशीच राहिली तर ढोलक त्याच्यातूनही गायबच असेल. पोराला सांगा की पैसे ठेव. खर्च करायचाच असेल तर आधी एक चांगला वायरचा माइक घ्या. स्वस्त वायरलेस माइक बॅटरी उतरली की आवाज चिरका करतात आणि गाण्याच्या मधेच तुटतात. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक १९६६ साली निघाला आणि आजही ऑर्केस्ट्रावाल्यांच्या हातात तोच दिसतो. तोच घ्या असं नाही, पण तशा धाटणीचा डायनॅमिक माइक घ्या, आणि तोच घेतला तर बिलासह अधिकृत दुकानातून घ्या, कारण त्याच्या नकला फार विकल्या जातात. साउंडबार सिनेमासाठी बनवलेला असतो, माइकचा अचानक मोठा आवाज त्याला सोसत नाही. तेव्हा पुढं वर्षा-दोन वर्षांनी हौस टिकली तर आठ किंवा दहा इंची एकच, आतच अँप्लिफायर असलेला स्पीकर बघा. तो स्टँडवर, कानाच्या उंचीला, कोपऱ्यापासून दूर ठेवा. तोवर साउंडबार चालेल, फक्त माइक चालू ठेवून खाली टाकू नका. आणि सगळं उघडताना साउंडबार शेवटी चालू करा, मिटताना तोच आधी बंद करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगतो. बाजारातले ट्रॅक मूळ गायक-गायिकेच्या पट्टीत असतात. दाजींची पट्टी काळी एक असेल आणि तुमची काळी चार, तर एकच ट्रॅक दोघांना कसा बसेल? आवाज फाटतोय, सूर चढत नाही, हे पुष्कळदा माइकचं दुखणं नसून पट्टीचं असतं. लय तशीच ठेवून पट्टी खाली-वर करणारी अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. ट्रॅक एक-दोन स्वर, फार तर तीन स्वर सरकवा. त्यापुढं गेलं की वाद्यं खोटी वाटायला लागतात. तुम्ही पेटीवाल्या आहात, शुक्रवारी पेटी काढून दोघांच्या पट्ट्या ठरवा आणि वहीत प्रत्येक गाण्यासमोर लिहून ठेवा. दाजींना हे जमणार नाही, तुम्हाला जमेल.

वायरी आल्या, वाकळा टांगल्या की येत्या शनिवारी चहा दाजींना करू द्या. पहिलं गाणं तुम्ही म्हणा, अगदी साधं, पाठ असलेलं. समोर बसलेल्यांपैकी कोणाला तरी मोबाइलवर ते रेकॉर्ड करायला सांगा. चहा घेऊन दाजी बाहेर आले की ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा आणि त्यावर टाळ्यांनी ताल धरायला सांगा. टाळी तुमच्या शब्दांवर बरोबर पडली की नाही, ते मला जरूर कळवा.